हळदीनंतरच्या पाट्या

मी टीव्ही चॅनलमध्ये कामाला होते असं सांगितलं की लोक आधी माझा चेहरा नीट न्याहाळतात आणि मग विचारतात, बातम्या द्यायचीस का. नाही द्यायचे. मी पाट्या लावायचे. आमच्या चॅनलवर माणूस बोलतच नसे. मागे सनई, वर उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि मधोमध एकामागून एक पाट्या. उद्या पाणी किती वाजता येणार, लाइट कुठे जाणार, रक्त कुणाला हवंय, कोण हरवलंय, कोण वारलं, कुणाचा वाढदिवस आहे. एक पाटी दहा सेकंद. बारा मिनिटांनी फेरा संपला की पुन्हा पाण्यापासून सुरुवात.

‘खाडीकाठ माहिती वाहिनी’ असं त्याचं नाव. केबलच्या डब्यावर नऊशे एक्क्याण्णव दाबायचं. घणसोली गावात गोटीराम शेठच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक एसी आणि मी. चॅनलचा मालक गोटीराम शेठचा मोठा मुलगा मितेश. त्याला नगरसेवक व्हायचं होतं. मोबाइल पोरांच्या हातात असतो, पण मतं देतात ती घरात बसलेली म्हातारी माणसं, आणि ती टीव्ही बघतात, असा त्याचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. गावातल्या बायका सकाळी उठून आधी आमचं पाणी बघायच्या आणि मग कोण गेलं ते बघायच्या. पाच महिने हे चाललं.

माझं नाव शर्मिला. आईवडील चिपळूणकडचे, पण मी वाढले इथल्याच गावठाणात, भाड्याच्या खोलीत. मराठी टायपिंग येतं, तोंड फटकळ आहे. मितेशशेठ मला मान द्यायचा, ताई म्हणायचा. तो वाईट माणूस आहे असं मी लिहिलं तर माझी सोय होईल, म्हणून तसं लिहीत नाही.

मितेशचा धाकटा भाऊ रूपेश, त्याचं लग्न निघालं. आगरी घरातली हळद म्हणजे काय असते ते नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. लग्नाला बोलावलं नाही तर माणूस विसरतो, हळदीला बोलावलं नाही तर बोलणं टाकतो. मितेशशेठने आठ-दहा दिवस आधी मला फोन करून सांगितलं की या शुक्रवारपासून लग्नानंतरच्या पूजेच्या बुधवारपर्यंत चॅनलवर फक्त शुभेच्छा चालतील. पाणी राहू दे, लाइट राहू दे. पण वारलेलं, हरवलेलं, रक्त पाहिजे, पोलिसांचं आवाहन, असलं काही नको. आईने तसं सांगितलंय, म्हणाला. हळदीच्या शुभेच्छा चालल्यात आणि मध्येच हार घातलेला फोटो येतो, ते घराला बरं नाही. मी दिवस मोजले, बरोबर तेरा भरले. सुतकाचे असतात तितकेच. मी हसले आणि कॉम्प्युटरवर एक फोल्डर केला. त्याला नाव दिलं, ‘हळदीनंतर’.

शुभेच्छा सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, गंगारामकाका हरवले.

गंगारामकाका आणि बयाबाई आमच्या चाळीतले, दोन खोल्या सोडून. परभणीकडचे, मूलबाळ नाही. काका बारा वर्षं उरणजवळ द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात वॉचमन होते. निळा शर्ट, छातीवर शिट्टी, पहाटे पाचला घर सोडायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना घरी बसवलं, कारण ते विसरायला लागले होते. घरी बसूनही पहाटे उठायचे आणि ड्युटीला जायचंय म्हणून चपला शोधायचे. बयाबाई चपला लपवायची. शर्ट तिने पत्र्याच्या पेटीत तळाला घातला होता.

त्या शनिवारपासून बयाबाईला मितेशशेठच्या मांडवात भांडी घासायचं काम लागलं होतं. ती पहाटेच गेली. जाताना काका झोपले होते, अंगात पांढरा शर्ट. अकरा वाजता ती परतली तर दार उघडं आणि खोलीत कोणी नाही. ती सरळ माझ्या ऑफिसात आली. ओल्या हातात काकांचा आधार कार्डाच्या वेळचा छोटा फोटो होता.

मी तिच्यासमोरच पाटी बनवली. हरवले आहेत. गंगाराम, वय अडुसष्ट, उंची साडेपाच फूट, रंग सावळा, अंगात पांढरा शर्ट, बोलताना अडखळतात. खाली माझा नंबर टाकला. मग मितेशशेठला फोन लावला. ही आपलीच बाई आहे, तुमच्याच मांडवात काम करते, एवढी एक पाटी चालवू, असं म्हटलं. तो म्हणाला, ताई, एकाला हो म्हटलं की दहा येतात. बयाबाई तशीच मांडवात जाऊन त्याला स्वतः भेटली. त्याने चार माणसांदेखत तिला हात जोडले.

“मावशी, हळदीनंतर पयली पाटी तुजीच,” तो म्हणाला. “माजा शब्द हाय.”

तिला ते पटलं. एवढा मोठा माणूस हात जोडतो म्हणजे काम झालंच, असं तिला वाटलं. संध्याकाळी मी तिला घेऊन पोलिसात तक्रारही लिहून आले. तिथेही पांढरा शर्टच लिहिला. गंगारामची पाटी मी ‘हळदीनंतर’मध्ये टाकली. फोल्डरमधली ती पहिली पाटी होती.

दुसरी रविवारी सकाळी आली. उरणच्या बाजूच्या एका चौकीचा मेल होता. असे मेल आठवड्याला दोन-तीन यायचे. रस्त्याच्या कडेला अनोळखी पुरुषाचा मृतदेह, वय अंदाजे पासष्ट ते सत्तर, अंगात निळा शर्ट, ओळख पटल्यास संपर्क साधावा. सोबत फोटो जोडला होता. मी फोटो उघडला नाही. मेलेल्यांचे फोटो मी टाळायचेच, पाटी करायची वेळ येईल तेव्हाच उघडायचे. पण मजकूर मी वाचला होता, हे खोटं सांगणार नाही. वय वाचून क्षणभर हात थांबलाही. मग निळा शर्ट वाचला. बयाबाईने तर पांढरा सांगितला होता. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तो मेल फोटोसकट फोल्डरमध्ये टाकून दिला.

बारा वर्षं मी त्या माणसाला पाण्याच्या नळावर, जिन्यात, दुकानात, निळ्या शर्टात पाहत आले होते. दुसऱ्या कुठल्या रंगात मला ते आठवतही नाहीत. पण पाटीवर पांढरा लिहिला होता आणि पाटी मी स्वतः टाइप केली होती. या नोकरीत मला एवढंच शिकता आलं होतं, की पाटीवर आहे ते खरं.

मग आठवडाभर मी शुभेच्छा बनवत बसले. चारशे बत्तीस शुभेच्छा. ‘चि. रूपेश यांच्या हळदी समारंभास लाख लाख शुभेच्छा’, खाली देणाऱ्याचं नाव आणि गॉगल लावलेला फोटो. एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा लहान झाला की फोन यायचा. बयाबाई रोज दुपारी भांडी आटोपून ऑफिसात यायची, माझ्या खुर्चीमागे जमिनीवर बसायची आणि विचारायची, अजून किती दिवस. मी सांगायचे. एकदा वैतागून म्हटलं, मावशी, तू विचारलंस म्हणून हळद अलीकडे येणार नाही. दुसऱ्या दिवशी येताना माझ्यासाठी मांडवातली भाकरी आणि कोलंबीचं कालवण घेऊन आली.

पुढच्या रविवारी हळद होती. त्या दिवशी आमचं चॅनल पहिल्यांदा आणि शेवटचं लाइव्ह गेलं. मांडवात दोन कॅमेरे, मी ऑफिसात बसून कानाला फोन लावून कॅमेरावाल्याला सांगत होते, हे दाखव, ते दाखव. दुपारी बायकांनी हळद दळायला घेतली. धवलारणी लग्नाची गाणी गात होत्या, पोरी एकमेकींच्या तोंडाला हळद फासत होत्या. मितेशची आई काशीबाई उठली आणि मागे भांड्यांजवळ बसलेल्या बयाबाईकडे गेली. बयाबाई नको नको म्हणत होती. काशीबाईने तिचे हात धरले, दोन्ही गालांना हळद लावली आणि हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

“लावून घे गो बाय,” काशीबाई म्हणाली, “शुभ असतं. तुजा मानूस येल घरा.”

माइक जवळ होता, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू आलं. बयाबाई हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात नसलेलं, लाजलेलं हसू. मला ते इतकं आवडलं की मी कॅमेरावाल्याला सांगितलं, तिच्यावर थांब, हलू नको. तो थांबला. घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत ज्याने ज्याने नऊशे एक्क्याण्णव लावलं होतं त्याने बयाबाईचा हळदीचा चेहरा अर्धा मिनिट पाहिला. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका तिला चिडवत होत्या, नवरीपेक्षा तूच जास्त दिसलीस म्हणून.

बुधवारी पूजा झाली. गुरुवारी सकाळी मी फोल्डर उघडला. तेरा दिवसांत त्यात एकोणीस फाइली जमल्या होत्या. एकामागून एक उघडत गेले. पहिली गंगारामची पाटी. दुसरा तो मेल. मी फोटो उघडला.

कॉम्प्युटर दोन फोटो शेजारी शेजारी दाखवतो. डावीकडे आधार कार्डाचे काका, उजवीकडे निळ्या शर्टातले काका. छातीवर शिट्टीही होती. अकरा दिवस ते दोघे माझ्या फोल्डरमध्ये एकमेकांशेजारी पडून होते.

मी त्या चौकीला फोन केला. हवालदार चांगला बोलला. सात दिवस वाट पाहिली म्हणाला, सगळीकडे कळवलं, कोणी आलं नाही. हरवलेल्यांच्या यादीत शोधलं, निळ्या शर्टाचा कोणीच नव्हता. परवाच्या रविवारी, दुपारी दोनला, सरकारी खर्चाने विधी उरकला. ते यार्डाच्या गेटपासून शंभर पावलांवर सापडले होते, अंगावर जखम नव्हती. चालून चालून थकले असतील. तुम्ही नातेवाईक का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, मी चॅनलवाली. नातेवाइकांना घेऊन या, शिट्टी आणि कपडे ठेवलेत, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मितेशशेठला सांगितलं तेव्हा तो खरंच हळहळला. कपाळाला हात लावून बसला. नंतर म्हणाला, ताई, आता सांगितलंस तर काय होणार? ती चार लोकांत बोलेल. चार लोक म्हणतील, यांच्या हळदीपायी झालं. घरात नवी सून आलीये. मी तिला शब्द दिलाय तर पाटी लाव. बाईला बरं वाटेल. थोड्या दिवसांनी आपणच सांगू.

मी त्याला बोलू शकले असते. माझं तोंड फटकळ म्हणून चाळीत प्रसिद्ध आहे. पण खरं कारण सांगते. सांगायचं झालं तर फोटो कधी आला होता तेही सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा खुर्चीत मितेशशेठ नव्हता, मी होते. मी मेलेल्या माणसाची ‘हरवले आहेत’ पाटी फेऱ्यात टाकली. शब्दाप्रमाणे पहिली, पाण्याच्याही आधी.

बयाबाईला आनंद झाला. काय म्हणू दुसरं, आनंदच झाला. तिने शेजाऱ्यांना बोलावून काका दाखवले. दर बारा मिनिटांनी ते यायचे, दहा सेकंद थांबायचे आणि जायचे. तिला घड्याळ कळत नव्हतं पण फेरा पाठ झाला. फेऱ्याच्या शेवटची मटणवाल्याची जाहिरात संपली की ती हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येऊन उभी राहायची. आले का, जेवले का, कुठं फिरता उन्हात, असं बोलायची. मी खोलीत जेवत असताना मला दोन खोल्यांपलीकडून ते ऐकू यायचं. मग मी ऑफिसातच जेवायला लागले.

सव्वा महिना ती पाटी चालली. तेवढ्यात पक्षाने मितेशशेठला तिकीट नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याने दोन दिवस फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी मला सांगितलं की चॅनल बंद करतोय, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता काढून टाक, ताई, तुझं दुसरीकडे बघतो. काशीबाईची समजूत कोणी घातली ठाऊक नाही. पाट्यांची चटक तिलाच सर्वांत जास्त होती.

शनिवारी पाच वाजता मी एकटीच सामान आवरत होते. बयाबाई जिना चढून आली, धापा टाकत. चॅनल बंद होतंय हे तिला माहीत नव्हतं. ती दुसऱ्याच कामाला आली होती. पेटी उपसताना तिच्या लक्षात आलं होतं की निळा शर्ट पेटीत नाही आणि त्याच्या जागी तळाला पांढरा पडलाय.

“पोरी, पाटीवर चुकलंय,” ती म्हणाली. “त्येंच्या अंगात निळा हाय. तेवढं निळं कर. म्हनून तर कुनाला वळकू येईना झालेत.”

मी म्हटलं, आज चॅनल बंद होणार आहे. ती म्हणाली, व्हऊ दे, पर त्येच्या आधी निळं कर. मी म्हटलं, तासाभरासाठी काय करायचंय. ती म्हणाली, तासाभरात पाच टायमाला येत्यात ते. तिने फेरे मोजले होते. ती ऐकेना. माझ्या हाताला धरून मला खुर्चीत बसवायला लागली, आणि तिचा तो भांडी घासून खरखरीत झालेला हात मला सहन झाला नाही.

“मावशी, मेलेत ते,” मी ओरडले. “निळा शर्टच होता. यार्डाच्या गेटपाशी मेले, त्याच दिवशी. फोटो आला होता मला. हळद होती म्हणून मी लावला नाही. पोलिसांनी सात दिवस वाट बघितली आणि जाळून टाकलं. आता कर निळं.”

अशा शब्दांत कोणी सांगत नाही. मी सांगितलं. सव्वा महिना दाबून ठेवलेलं तिच्यावरच ओकले, जणू तिनेच काही केलं होतं. ती रडली नाही. जमिनीवर बसली, माझ्या खुर्चीमागे तिची नेहमीची जागा होती तिथे. टीव्हीवर मटणवाल्याची जाहिरात संपली, काका आले आणि गेले. तिने वर पाहिलं नाही.

मग तिने विचारलं, कोन्या दिवशी जाळलं. मी म्हटलं, रविवारी. हळदीच्या. तिने विचारलं, किती वाजता. मी म्हटलं, दुपारी दोन. तिने बोटांवर काहीतरी जुळवलं.

“त्या दिशी मी टीव्हीवर व्हते,” ती म्हणाली. “ते हाय का अजून? दाव मला.”

हळदीचं सगळं रेकॉर्डिंग होतं. मितेशशेठने पाहुण्यांना पेन ड्राइव्हमध्ये वाटलंही होतं. नाही म्हटलं असतं तर ती गेली असती. मी लावलं. धवलारणी गायला लागल्या, पोरी हसायला लागल्या, काशीबाई उठली. लावून घे गो बाय, शुभ असतं. बयाबाई पडद्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. पडद्यावरची बयाबाई लाजून हसली, आणि मी त्या दिवशी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा तिच्यावर थांबला.

“हितंच थांबव,” ती म्हणाली. मी थांबवलं. तिने बोट उचलून वरच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. “ह्ये घड्याळ हाय नव्हं? काय वाजल्यात त्येच्यात?”

बयाबाईला अक्षर येत नाही, आकडेही वाचता येत नाहीत. मी अकरा म्हटलं असतं तर तिच्यासाठी अकरा वाजले असते. संध्याकाळ म्हटलं असतं तर संध्याकाळ झाली असती. ते हसू कुठल्याही साध्या वेळेचं झालं असतं आणि ती ते घेऊन घरी गेली असती. सव्वा महिना मी तिच्याशी माझ्या सोयीचं खोटं बोलत होते. तिच्या सोयीचं असं एकच बोलायचं होतं, तेही एका आकड्याचं.

“दोन वाजून चार मिनिटं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि गाल पुसायला लागली, आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. गालांवर काही नव्हतं, हळद जाऊन महिना उलटला होता. ती पुसत राहिली आणि मी सहा वाजायची वाट बघत बसले.